बुडापेस्टचा फवारा, महाराष्ट्रातली जीप

कार्बोरेटरचं काम सांगायला सोपं आहे. पेट्रोल हवेत इतकं बारीक उडवायचं की ठिणगी पडताच भडका व्हावा. ते जमायला मात्र वेळ लागला. कार्ल बेंझच्या १८८६च्या तीनचाकीत हवा पेट्रोलच्या पृष्ठभागावरून जाई आणि जेवढी वाफ निघेल तेवढ्यावर इंजिन भागवी. १८९३ मध्ये बुडापेस्टच्या दोनात बांकी आणि यानोश चोंका यांनी फवाऱ्याचं पेटंट घेतलं. त्याच वर्षी जर्मनीत विल्हेल्म मायबाखही तिथंच पोहोचला. फुलवालीला फुलांवर पाणी फवारताना पाहून बांकीला ही युक्ती सुचली, ही दंतकथा. तिच्यामागचं शास्त्र इटलीच्या व्हेंचुरीनं १७९७ मध्येच मांडलं होतं: अरुंद गळ्यातून वाहणाऱ्या प्रवाहाचा वेग वाढतो, दाब घटतो. त्या घटलेल्या दाबानंच जेट नावाच्या बारीक छिद्रातून पेट्रोल वर ओढलं जातं.

महाराष्ट्रात हा फवारा जिपेबरोबर रुळला. महिंद्रांनी १९४७ मध्ये मुंबईत विलीज जिपांची जुळणी सुरू केली. दुसऱ्या महायुद्धातल्या जिपेवर सेंट लुईसच्या कार्टर कंपनीचा कार्बोरेटर असे. पुढच्या सीजे-थ्री-बीमध्ये २.२ लिटरच्या इंजिनाचे इनटेक व्हॉल्व्ह वर हेडमध्ये गेले, इंजिनाची उंची वाढली आणि बॉनेटही उंचावलं. जुने शौकीन ही जीप लांबून ओळखतात ती त्या उंच कपाळावरून. तिच्यावरही कार्टरच होता. पण आयातीवर बंधनं आली, मद्रासला सोलेक्सच्या परवान्यानं कार्बोरेटर बनू लागले, आणि आपल्याकडच्या कित्येक जिपांवर कार्टरच्या जागी सोलेक्स दिसतो.

पुण्याजवळ आकुर्डीला बजाज टेम्पोची डिझेल मॅटाडोर बनायची. डिझेलला ना कार्बोरेटर, ना ठिणगीचा प्लग. शिवाय खर्च कमी. म्हणून पुष्कळांनी पेट्रोल जिपेत सरळ तसलं डिझेल इंजिन बसवून घेतलं. आज जी पेट्रोल जीप तग धरून आहे, ती बहुतेक हौशी माणसाची.

अशा जिपेचा कार्बोरेटर बदलायची वेळ येते ती सहसा थ्रॉटलच्या दांडीमुळे. दांडी भोकात खिळखिळी झाली की तिथून चोरटी हवा शिरते. मग स्लो (उभ्या गाडीतला इंजिनाचा मंद वेग) कितीही लावा, इंजिन एका लयीत राहत नाही. नवा बसवताना खालचं पॅकिंग नवंच हवं आणि पेट्रोलच्या वाटीतल्या फ्लोटची पातळी तपासायला हवी. मिश्रणाचा स्क्रू हलक्या हातानं टेकेपर्यंत आत, मग साधारण दीड आटा बाहेर. जोर लावला तर सुईच्या टोकाला चरा पडतो आणि सगळं मुसळ केरात. इंजिन चांगलं गरम झाल्यावर पाव-पाव आटा फिरवत ते सर्वांत जलद आणि सलग चालेल तिथं थांबायचं, अन् रेसचा स्क्रू सैल करून स्लो खाली आणायचा.

खरी परीक्षा सह्याद्रीच्या चढावर. फ्लोटची वाटी सपाट जमीन गृहीत धरते. जीप कलली की पेट्रोलही कलतं: कधी जेट उघडा पडून इंजिन उपाशी मरतं, कधी पेट्रोल उतू जाऊन गुदमरतं. मारुती जिप्सीला २००० च्या सुमारास कार्बोरेटरऐवजी फ्युएल इंजेक्शन मिळालं तेव्हा डोंगरात फिरणाऱ्यांची ही कटकट मिटली.

तरी कार्बोरेटर मुकाट्यानं गेला नाही. बजाजनं २००७ मध्ये इंजेक्शनची पल्सर २२० मोटारसायकल आणली आणि २००९ मध्ये तीच गाडी कार्बोरेटर लावून पुन्हा काढली. स्वस्तही आणि ताकदीला किंचित सरसही! अखेर एप्रिल २०२० च्या बीएस-सहा नियमांनी बहुतेक नव्या दुचाकींवरूनही त्याला उतरवलं.

जुन्या जिपेपुढे आता वेगळाच पेच आहे, २० टक्के इथेनॉलच्या पेट्रोलचा. एक किलो शुद्ध पेट्रोल जाळायला १४.७ किलो हवा लागते, इथेनॉलला फक्त ९. म्हणजे जुन्या जेटमधून येणारं इंधन आता कमी पडतं, प्लग पांढरट दिसू लागतो, चढावर इंजिन तापतं. जुने रबरी पाइप आणि पंपाचा डायफ्रामही इथेनॉलनं लवकर खराब होतो. ते बदलून, एक माप मोठा मेन जेट घालून, पुन्हा प्लग काढून रंग पाहायचा: विटकरी आला तर ठीक, काळा आला तर जेट फार मोठा झाला.