शितावरून भाताची परीक्षा

मलिक अंबरानें १६१० मध्यें वसविलेली खडकी म्हणजेच आजचें छत्रपती संभाजीनगर. जमिनीची प्रत व पीक पाहून सारा ठरविण्याच्या पद्धतीमुळें अंबराचें नांव दख्खनच्या महसुली इतिहासांत राहिलें. तथापि पीक किती आलें, हा प्रश्न महाराष्ट्रांत पुढेंही फार काळ नजरेच्या अंदाजानेंच सुटत असे. उभें पीक पाहून आणेवारी ठरे आणि तिच्यावर साऱ्याची सूट अवलंबून असे. अंदाज चुकला कीं भुर्दंड शेतकऱ्याला.

या अंदाजाला शास्त्राची जोड देणाऱ्यांत सातारा जिल्ह्यांतील बुध गांवीं १९११ मध्यें जन्मलेले पांडुरंग वासुदेव सुखात्मे हे अग्रगण्य होत. लंडनला अध्ययन करून परतल्यावर, १९४० नंतर, त्यांनीं पीककापणीचे प्रयोग हातीं घेतले. गांव, शेत व शेतांतील तुकडा दैवगतीनें निवडावयाचा. तेवढाच कापून, मळून तोलावयाचा. तुकडा फार लहान असल्यास कडेचीं रोपें आंत ओढलीं जाऊन उत्पन्न फुगतें, हें त्यांनीं दाखवून दिलें.

परंतु तोलल्यानंतरही हिशेब उरतोच. समजा, एकेक एकराचीं २००० जिरायत शेतें आहेत, त्यांतून २० निवडलीं. बागायत २०० आहेत, त्यांतून १० निवडलीं. जिरायतीचा उतारा ४ मण, बागायतीचा १२. तिसांची सरळ सरासरी साडेसहा मणांहून अधिक येते. पण निवडलेलें प्रत्येक जिरायत शेत १०० शेतांच्या वतीनें बोलतें, बागायत केवळ २० च्या. हा भार दिला कीं सरासरी पावणेपांच मणांच्या आंत उतरते. एवढ्या फरकानें दुष्काळांतली सूट हुकूं शकते.

दुसरा प्रश्न चुकीच्या मापाचा. नमुना बदलला तर उत्तर किती बदलेल? बंगालमधील तागाच्या पाहणींत महालनोबिस यांनीं एकाच मुलखांत स्वतंत्र उपनमुने घेतले. त्यांच्या उत्तरांतील अंतर हेंच चुकीचें माप ठरलें.

आज हीं दोन्हीं कामें संगणक क्षणांत करतो. थॉमस लम्ली यांनीं ‘आर’ या संगणक-भाषेसाठीं रचलेला ‘सर्व्हे’ हा संच वापरणाऱ्यानें त्यास स्तर कोणते, प्रथम गांवें कशीं निवडलीं व प्रत्येकाचा भार किती, हें सांगावें लागतें. एकाच गांवचीं शेतें एकमेकांसारखीं असतात. तीं गटानें घेतल्याचें न सांगितल्यास यंत्र चूक बहुधा कमी दाखवितें आणि कच्चा आंकडा पक्का वाटूं लागतो. शितावरून भाताची परीक्षा होते खरी. परंतु शीत कोठून व कसें उचललें, हें सांगण्याचें काम अद्याप माणसाचेंच आहे.