तिथीची शाळा, तारखेची शाळा

महाराष्ट्रातील शाळेचे वर्ष जूनमध्ये उघडते, दिवाळीला मध्यावर थांबते आणि उन्हाळ्यात मिटते, हा क्रम इतका अंगवळणी पडला आहे की तो ऋतुचक्राचाच एक भाग वाटावा. परंतु एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धापर्यंत मराठी मुलखातील गावांत शाळा होती, पण तिला वर्ष नव्हते. पंतोजींची शाळा, म्हणजे एखाद्या देवळाच्या ओवरीत किंवा सधन घराच्या पडवीत एकाच शिक्षकाने चालवलेली आणि पालकांच्या धान्या-पैशावर उभी असलेली शाळा, कोणत्याही महिन्यात मूल दाखल करून घेई. दसऱ्याचा मुहूर्त त्यासाठी विशेष मानला जाई आणि त्या दिवशी पाटीपूजन करून मुलाला धुळाक्षरांवर बसवले जाई. इयत्ता नसल्यामुळे मूल मागे पडण्याचा प्रश्न नव्हता. मुळाक्षरे, मोडी वळण, पाढे, पावकी-निमकी आणि सवायकी-दिडकी येईपर्यंत ते शाळेत राही आणि हिशेबाला हात बसला की घरच्या व्यवसायाला लागे.

या शाळेच्या सुट्ट्या पंचांगातून येत. शास्त्राने ज्या दिवशी अध्ययन वर्ज्य मानले त्या दिवसाला अनध्याय म्हणत. प्रतिपदा, अष्टमी, चतुर्दशी, पौर्णिमा आणि अमावास्या या तिथी त्यात मोडत. वेदपाठशाळांत हा नियम काटेकोरपणे पाळला जाई आणि पंतोजींच्या शाळेवरही त्याची छाया असे. ज्या पंचांगावर घरातले उपवास, श्राद्धे, लग्ने आणि पेरणीची नक्षत्रे ठरत, त्याच पंचांगावर शाळेची उघडझाप होत असल्याने शाळा आणि घर यांच्या वेळापत्रकांत संघर्ष क्वचितच उद्भवे, आणि उद्भवलाच तर सुगीच्या दिवसांत मूल शाळेत जात नसे एवढ्यावर तो मिटे. मात्र या सामंजस्याचे फार कौतुक करण्याचे कारण नाही, कारण त्या ओवरीत बसणारी मुले मुख्यतः ब्राह्मण, प्रभू, वाणी, सोनार अशा लेखणी-तराजूवर पोट असलेल्या जातींची होती; मुली आणि अस्पृश्य मानलेली मुले तिच्याबाहेरच होती, आणि ज्यांना शाळाच नाही त्यांना सुट्टीचा प्रश्न पडण्याचेही काही कारण नव्हते.

1854 च्या वुडच्या खलित्यानंतर, म्हणजे हिंदुस्थानातील शिक्षणाची जबाबदारी सरकारने पद्धतशीरपणे उचलावी असे ठरवणाऱ्या कंपनी सरकारच्या आदेशानंतर, 1855 मध्ये मुंबई इलाख्यात सरकारी शिक्षणखाते स्थापन झाले आणि तिथीच्या जागी तारीख आली. खात्याला तपासणी करायची होती, तपासणीसाठी हजेरीपट लागत होता आणि हजेरीपटाला ठरलेल्या दिवशी सुरू होऊन ठरलेल्या दिवशी संपणारे वर्ष लागत होते. आठवड्याची सुट्टीही कचेऱ्यांच्या वळणावर रविवारी आली. शाळेत रविवार रुळला तेव्हा मुंबईच्या कापड गिरण्यांतील कामगाराला साप्ताहिक सुट्टी नव्हती. नारायण मेघाजी लोखंडे यांनी त्यासाठी अनेक वर्षे चळवळ केली आणि 10 जून 1890 रोजी गिरणीमालकांनी रविवारची सुट्टी मान्य केली. गिरणगावात ज्या घरातले मूल शाळेत जात होते, तिथे बाप आणि मूल एकाच दिवशी घरी असण्याची शक्यता त्या तारखेनंतरची आहे. शनिवारची सकाळची शाळा, म्हणजे दुपारच्या जेवणाआधीच सुटणारी अर्ध्या दिवसाची शाळा, याच साप्ताहिक चौकटीचे मराठी रूप होय, आणि शनिवारी दुपारी दप्तर कोपऱ्यात भिरकावण्याचा आनंद पिढ्यानपिढ्या तिच्यामुळेच मिळाला.

उन्हाळ्याची दीर्घ सुट्टी इंग्रजांनी स्वतःच्या सोयीसाठी आणली, असे पुष्कळदा म्हटले जाते. न्यायालये मे महिन्यात बंद राहत आणि मुंबई इलाख्याचे सरकार उन्हाळ्यात महाबळेश्वरला मुक्काम हलवत असे, हे खरे आहे. तरीही हे मत अर्धेच पटण्यासारखे आहे, कारण पत्र्याच्या किंवा कौलारू छपराखाली चाळीस मुले कोंबून वैशाखातल्या दुपारी शिकवणे कोणत्याही सरकारला जमले नसते. मार्चपासून शाळा सकाळची करण्याची रीत उन्हानेच पाडली, आणि आजही एकाच राज्यात दोन वेगळ्या तारखा त्या उन्हामुळेच ठेवाव्या लागतात. 2025 मध्ये राज्यभरातील शाळा 16 जूनला उघडल्या, तर विदर्भातील शाळा 23 जूनला आणि त्याही पहिल्या आठवड्यात सकाळच्या वेळेत. मृगाचा पाऊस सह्याद्रीवर आधी आणि नागपूर-चंद्रपूरकडे नंतर पोहोचतो, ही गोष्ट परिपत्रकात आठवड्याच्या फरकाने उतरते.

या सुट्टीने मराठी कुटुंबात घडवलेला सर्वांत खोल बदल माहेराशी संबंधित आहे. लग्न झालेल्या मुलीने माहेरी केव्हा जावे हे पूर्वी सण ठरवत: नागपंचमी, दिवाळीतील भाऊबीज आणि खानदेशात आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, जिच्यासाठी सासुरवाशिणी माहेरी येऊन झाडाला झोके बांधत. सासरच्या कामाचा रेटा आणि सासूची परवानगी यांवर या भेटीची लांबी अवलंबून असे. मुले शाळेत जाऊ लागली तशी आईच्या माहेरपणाची किल्ली मुलांच्या निकालाकडे गेली, कारण शाळा चालू असताना त्यांना घेऊन पंधरा दिवस जाता येईना आणि त्यांना मागे ठेवूनही जाता येईना. 'मामाचा गाव' ही कल्पना म्हणजे मुलांच्या सुट्टीच्या आश्रयाने टिकलेले आईचे माहेरपणच होय. लग्नेही याच दिवसांत दाटली. वैशाखातील मुहूर्त पूर्वीपासून होतेच, परंतु पाहुण्यांची मुले मोकळी असतात या विचाराने मे महिन्याची लग्नसराई अधिकच फुगली.

1 मे रोजी निकाल लागून प्रगतिपुस्तक हातात पडायचे आणि त्याच संध्याकाळी एस.टी. स्थानकावर ट्रंका-वळकट्यांची गर्दी व्हायची, हे विसाव्या शतकाच्या उत्तरार्धातील चित्र आहे, कारण एस.टी.ची पहिली गाडी 1 जून 1948 रोजी पुणे-अहमदनगर मार्गावर धावली आणि त्यानंतरच ही वाहतूक खेड्यांपर्यंत पोहोचली. कोकणात जाणाऱ्या चाकरमान्यांचे, म्हणजे मुंबईत नोकरी करून गावाकडे मनीऑर्डर पाठवणाऱ्या कोकणी माणसांचे, गणित त्याआधी बोटीवर होते. पावसाळ्यात किनाऱ्यावरची बोट बंद होत असल्याने मुलाबाळांसह मालवण-वेंगुर्ल्याला गेलेल्या कुटुंबाला समुद्र खवळण्यापूर्वी परतावे लागे, म्हणून सुट्टीची खरी अखेर शाळेच्या घंटेआधी बंदरावर ठरत असे. परतताना करंडीत आंबे, फणसपोळी आणि कोकम असे. रस्त्याची वाहतूक वाढली तशी ही अट सैल झाली, आणि 1998 मध्ये कोकण रेल्वे पूर्ण मार्गावर सुरू झाली.

सुट्टी ही सर्वांची विश्रांती असते, हा समज मात्र स्वयंपाकघरापाशी ठेचकाळतो. उन्हाळा हा पापड, कुरडया, सांडगे, शेवया, मसाले आणि लोणची यांचा हंगाम आहे, आणि नेमक्या त्याच आठवड्यांत नणंदा आपापल्या मुलांसह घरी येतात. गच्चीवर धोतराच्या पानावर वाळत घातलेल्या कुरडयांपाशी मुलांना कावळे हाकायला बसवायचे आणि अर्धवट वाळलेल्या चार कुरडया त्यांनीच फस्त करायच्या, हा प्रकार आठवणींच्या लेखनात मोठ्या हौसेने येतो. ज्या मामीने पहाटे उठून गव्हाचा चीक शिजवला आणि वीस माणसांच्या पोळ्या लाटल्या, तिचे स्वतःचे माहेर त्या मे महिन्यात कुठे होते याचा उल्लेख त्यात सहसा सापडत नाही.

जोपर्यंत शिक्षण ऐच्छिक होते तोपर्यंत शाळेची तारीख ज्याला परवडे त्याने पाळावी असा मामला होता. सयाजीराव गायकवाडांनी 1906 मध्ये बडोदे संस्थानात आणि शाहू महाराजांनी 1917 मध्ये कोल्हापूर संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचे केले, तेव्हा शाळेचे वेळापत्रक प्रथमच शेतकऱ्याच्या घरावर बंधनकारक झाले. कोल्हापुरात मूल शाळेत न पाठवणाऱ्या पालकाला दरमहा एक रुपया दंडाची तरतूद होती, आणि त्या काळी रुपया ही शेतमजुराला जाणवणारी रक्कम होती. शाळेची तारीख आणि शेतीचे नक्षत्र कुठे जुळतात आणि कुठे नाहीत, हे या सक्तीनंतर ठळक झाले. दिवाळीची सुट्टी खरिपाच्या काढणीच्या आसपास येते, हे जुळते. जूनमध्ये शाळा उघडते तेव्हा पेरणीची घाई असते, हे जुळत नाही. कापसाची वेचणी दिवाळीनंतर महिनोन् महिने चालते, रब्बी ज्वारीची काढणी वार्षिक परीक्षेच्या तोंडावर येते, मोहाची फुले मार्च-एप्रिलच्या पहाटे गळतात आणि ती वेचायला आदिवासी घरातला प्रत्येक हात लागतो. सुट्टीचा आणखी एक परिणाम अन्नाचा आहे: शाळा बंद म्हणजे दुपारचे शिजवलेले जेवण बंद. त्यामुळे 2004 मध्ये सर्वोच्च न्यायालयाला दुष्काळग्रस्त भागांत उन्हाळ्याच्या सुट्टीतही मध्यान्ह भोजन देण्याचा आदेश काढावा लागला.

तथापि शाळेचे वर्ष आणि कुटुंबाचे वर्ष एकमेकांकडे पूर्ण पाठ फिरवून उभे असल्याचे उदाहरण पाहायचे तर ऊसतोड कामगारांकडे वळावे लागते. 1950 मध्ये प्रवरेच्या काठी लोणी येथे सहकारी साखर कारखाना उभा राहिला आणि पुढील दशकांत पश्चिम महाराष्ट्रात कारखान्यांची रांग लागली. त्यांच्यासाठी ऊस तोडायला बालाघाटच्या डोंगररांगांतून, बीड जिल्ह्यातून आणि लगतच्या पाथर्डीसारख्या कोरडवाहू तालुक्यांतून माणसे येऊ लागली. मजुरीचे एकक एक माणूस नसून एक 'कोयता' असते, म्हणजे नवरा-बायकोची जोडी. मुकादम, म्हणजे कारखान्यासाठी टोळी जमवणारा मध्यस्थ, या जोडीला पावसाळ्यातच 'उचल' म्हणून आगाऊ रक्कम देतो आणि ती कामातून फेडायची असते. दसरा झाला की बिऱ्हाड हलते. पाचसहा महिने कारखान्याच्या तळावर किंवा फडाच्या बांधावर उसाच्या पाचटाने शाकारलेल्या कोपीत राहायचे आणि गुढीपाडव्याच्या पुढेमागे गावी परतायचे, असा हा क्रम असतो. ज्या दसऱ्याला पंतोजींच्या शाळेत मूल बसवले जाई, त्याच दसऱ्याला हे मूल शाळेतून उठते.

जोडी हे एकक असल्यामुळेच मुलांचा प्रश्न उद्भवतो. पुरुष एकटा गेला असता तर आई मुलांपाशी राहिली असती. पण कोयता पुरा करायचा तर दोघांनाही जावे लागते, आणि घरात आजी-आजोबा नसले किंवा तेही थकलेले असले तर मूल गाडीवर बसते. तळावर त्याला कामही असते. पहाटे आईबाप फडात गेल्यावर धाकट्या भावंडाला झोळीत जोजवायचे, पाणी भरायचे आणि थोडे मोठे झाले की तोडलेल्या उसाचे वाढे, म्हणजे जनावरांना चारण्याचा शेंड्याकडचा हिरवा भाग, गोळा करून त्याच्या पेंढ्या बांधायच्या. थोरल्या बहिणीचे वर्ष यात सर्वांत आधी जाते. मूल गावी परतते तेव्हा वार्षिक परीक्षा तोंडावर असते किंवा होऊन गेलेली असते, आणि मग शाळेला उन्हाळ्याची सुट्टी लागते, म्हणजे मूल जितके महिने गावात असते त्यातलेही काही महिने शाळा बंदच राहते. हजेरीपटावर मात्र त्याचे नाव वर्षभर असते.

यावर दोन दिशांनी उपाय झाले. पहिल्यात शाळा मुलामागे गेली: कारखान्यांच्या तळांवर साखरशाळा, म्हणजे गाळप हंगामापुरत्या भरणाऱ्या शाळा, सुरू झाल्या. दुसऱ्यात मूल शाळेपाशी ठेवले गेले: गावातच हंगामी वसतिगृह चालवून आईबाप परतेपर्यंत मुलांच्या जेवणाची सोय करण्यात आली. शिक्षणहक्काच्या दृष्टीने दुसरा मार्ग अधिक सुसंगत ठरला, कारण मूल आपल्याच वर्गात, आपल्याच शिक्षकापाशी राहते. पण त्याची किंमत कुटुंब मोजते, कारण आठ-नऊ वर्षांचे मूल आईपासून अर्धे वर्ष दूर राहते. शाळेच्या वेळापत्रकात बदल करावा, हा तिसरा मार्ग चर्चेत वारंवार येतो आणि चर्चेतच राहतो.

तो अशक्य म्हणावा तर नियमांत लवचीकपणा आहे. 2009 च्या शिक्षणहक्क कायद्याने पहिली ते पाचवीसाठी 200 आणि सहावी ते आठवीसाठी 220 कामाचे दिवस ठरवले, पण ते वर्षातील कोणते असावेत हे त्याने सांगितले नाही. राज्याच्या माध्यमिक शाळा संहितेनुसार वर्षातील सर्व प्रकारच्या सुट्ट्या मिळून 76 दिवसांपेक्षा अधिक होता कामा नयेत, आणि उन्हाळ्याची किंवा दिवाळीची सुट्टी कमी करून ते दिवस शिक्षणाधिकाऱ्यांच्या परवानगीने अन्य प्रसंगी घेता येतात. वर्षाची सुरुवातही अढळ नाही. गोव्यात 2025 मध्ये सहावीपासूनच्या बहुतेक वर्गांचे वर्ष जूनऐवजी 7 एप्रिलला सुरू झाले आणि पालकांचा विरोध असतानाही ते चालले.

ऊसतोडीच्या बाबतीत तर दोन्ही तारखा सरकारच्याच हातात आहेत. गाळप हंगाम केव्हा सुरू करायचा हे राज्याची मंत्री समिती दरवर्षी ठरवते. 2024 साठी 15 नोव्हेंबर आणि 2025 साठी 1 नोव्हेंबर ही तारीख तिनेच दिली. शाळेच्या सुट्ट्यांचे परिपत्रक त्याच सरकारचे शिक्षणखाते काढते. त्या परिपत्रकात सुट्ट्यांच्या अदलाबदलीचे वाक्य दरवर्षी येते आणि उदाहरण म्हणून त्यात गणेशोत्सव आणि नाताळ यांची नावे असतात. गाळप हंगामाचे नसते.