नाथांची शुद्ध प्रत आणि आजच्या दुहेरी फायली

१/ गंगापूर तालुक्याच्या दक्षिण सीमेवरून गोदावरी वाहते. नदीपलीकडच्या नेवाशात शके १२१२ (इ.स. १२९०) मध्ये ज्ञानेश्वरी सिद्ध झाली. नदीच्या खालच्या अंगाला असलेल्या पैठणात सुमारे तीनशे वर्षांनी एकनाथांनी तिचे शुद्धीकरण केले.

२/ मुद्रणापूर्वी ग्रंथ जगवायचा तर नकला करणे हाच उपाय होता. परंतु लेखनिकांच्या हातून अक्षरे बदलत, नव्या ओव्या शिरत. प्रती वाढल्या, तसे पाठभेदही वाढले.

३/ शके १५०६ (इ.स. १५८४) मध्ये नाथांनी शुद्ध पाठ सिद्ध केला आणि यापुढे कोणीही त्यात स्वतःची ओवी घालू नये, असे बजावले.

४/ घरच्या संगणकातील फोल्डर क्लाउडवर जपताना आज हाच पेच पडतो. दुहेरी साठवण टाळणाऱ्या अनेक प्रणाली फायलीच्या नावावर विसंबत नाहीत. आतल्या मजकुरावरून 'हॅश' नावाची खूण काढतात. खूण जुळली, तर मजकूर एकदाच साठतो. मात्र एक अक्षर बदलले तरी खूण बदलते, आणि दोहोंपैकी योग्य कोणती, हे यंत्र सांगत नाही. तेथे नाथांसारखा संपादकच लागतो.

५/ १९०९ मध्ये वि. का. राजवाडे यांनी नाथपूर्व मानलेल्या प्रतीवरून ज्ञानेश्वरी प्रसिद्ध केली. 'शुद्ध' पाठाच्या पलीकडे पाहता आले, कारण कोणीतरी जुनी पोथी टाकून दिली नव्हती. तंतोतंत नक्कल खुशाल गाळावी. वेगळी प्रत मात्र वाचल्याविना पुसू नये.