छापील कुंडल : बिनतारी चार्जिंगच्या इतिहासातील एक उपेक्षित दुवा

प्रस्तावना :
बिनतारी चार्जिंगचा इतिहास सांगताना सामान्यतः निकोला टेस्ला यांच्या १८९० च्या दशकातील प्रयोगांपासून प्रारंभ केला जातो. तथापि टेस्ला यांना दूर अंतरावर ऊर्जा पाठवावयाची होती; मोबाईलचा चार्जर मात्र काही मिलिमीटरच्या अंतरावर कार्य करतो. त्याचा पाया म्हणजे मायकेल फॅरडे यांनी १८३१ मध्ये सिद्ध केलेले विद्युतचुंबकीय प्रवर्तन होय. या तत्त्वास सपाट व हुबेहूब पुनरावृत्ती करता येईल असे रूप मुद्रणतंत्राने दिले. त्याची दखल मात्र क्वचितच घेतली जाते.

मुद्रित परिपथाचा उगम :
व्हिएन्नातील ज्यू अभियंता पॉल आइस्लर १९३६ मध्ये इंग्लंडला गेले. तेथे त्यांनी मुद्रित परिपथाचा रेडिओ तयार केला आणि १९४३ मध्ये पेटंटसाठी अर्ज केला. तांब्याच्या पातळ पत्र्यावर आकृती छापावयाची व उर्वरित तांबे रसायनाने काढून टाकावयाचे, अशी ही पद्धत होती. एका ठशातून सारख्या प्रती निघाव्यात, तशी एका आराखड्यातून समान कुंडले मिळू लागली.

रचनेतील पेच :
या लाभाची किंमतही मोजावी लागली. पीसीबीवरील तांब्याची जाडी सर्वसाधारणपणे ३५ मायक्रॉन असते. त्यामुळे रोध वाढतो व ऊर्जा उष्णतेच्या रूपाने वाया जाते. पट्टी रुंद केल्यास वेढे कमी बसतात. वेढे वाढविल्यास पट्टी अरुंद होते. केंद्राजवळील वेढे प्रवर्तकतेत अल्प भर घालतात, रोध मात्र वाढवितात; म्हणून मध्यभाग मोकळा ठेवला जातो. हॅरॉल्ड व्हीलर यांनी १९२८ मध्ये रेडिओच्या कुंडलांसाठी दिलेल्या सूत्रांचा आधार घेऊन सुंदरराजन मोहन व सहकाऱ्यांनी १९९९ मध्ये सपाट कुंडलांसाठी सुटसुटीत सूत्रे मांडली. २००५ मध्ये हाँगकाँगमधील रॉन हुई व डब्ल्यू. सी. हो यांनी षट्कोनी छापील कुंडलांचे थर एकमेकांपासून किंचित सरकवून रचले. त्यामुळे पृष्ठभागावर जवळपास सर्वत्र समान चुंबकीय क्षेत्र मिळाले आणि उपकरण कोठेही ठेवता येऊ लागले.

निष्कर्ष :
२०१० मध्ये ‘ची’ हे मानक प्रसिद्ध झाले. तरीही कमी रोधामुळे लिट्झ तारेची कुंडले चार्जरांत टिकून राहिली. छपाईने अचूकता दिली, पण तांब्याची उणीव ती भरून काढू शकली नाही. अतएव हा इतिहास एका प्रतिभावंताच्या स्वप्नपूर्तीचा नसून तत्त्व, मुद्रण व गणित यांच्या परस्परांशी झालेल्या तडजोडीचा आहे, असे म्हणणे अधिक न्याय्य ठरते.