रक्तातल्या साखरेची परीक्षा

इस्लामपूरकडच्या आपल्या ऊसकऱ्यांना साखरेचे नवल ते काय! पण रक्तातली साखर घरी मोजायला माणसाला फार वाट पाहावी लागली.

१७७६ साली इंग्लंडच्या डॉब्सनने मधुमेह्याच्या लघवीत साखर असल्याचे दाखवले. पुढे बेनेडिक्टचे निळे द्रावण आले. लघवीबरोबर उकळले की साखरेच्या प्रमाणात ते हिरवे, पिवळे, विटकरी होई. पण त्यात एक उणीव होती. रक्तातली साखर घसरून रोगी बेशुद्ध पडू लागला, तरी लघवी ते सांगत नसे.

१९६५ च्या सुमारास रक्ताच्या थेंबाची पट्टी निघाली; १९७० च्या सुमारास तिचा रंग मोजणारे यंत्र आले. आज मुठीएवढे यंत्र काही सेकंदांत आकडा देते.

तेव्हा गुरुजी, गावात एवढे सांगाच: इन्शुलिन घेणाऱ्याला घाम सुटून कापरे भरले, तर लगेच थेंब तपासावा.