शाखेची वही

शाखा म्हटलं की आता लोकांच्या डोळ्यापुढं एकच शाखा येते. मी शाखेत जात होतो असं सांगितलं की पुढचा माणूस आपल्या मनानंच काय ते ठरवून टाकतो. म्हणून आधीच सांगतो, आमची शाखा राष्ट्र सेवादलाची. मारुतीच्या देवळामागं एक पडीक वावर होतं. तिथं रोज संध्याकाळी साडेपाचला शिट्टी वाजायची आणि आम्ही तीस-पस्तीस पोरंपोरी पळत जायचो. पोरी पण, हे मुद्दाम लिहितो. बार्शी तालुक्यातल्या एका खेड्यात पन्नास वर्षांमागं पोरं आणि पोरी एका मैदानात लेझीम खेळत होती, हे आजच्या कॉलेजातल्या पोरांना खरं वाटत नाही.

गावात हे खूळ आणलं आमच्या शाळेतल्या एका मास्तरांनी. ते स्वतः लहानपणी सेवादलात वाढलेले. खेळून झालं की मास्तर पाच-दहा मिनिटं गोष्ट सांगायचे. दलाचा इतिहास मी पुस्तकात नंतर वाचला, पण पहिल्यांदा ऐकला तो त्या वावरात, धुळीत मांडी घालून.

गोष्ट सुरू व्हायची ती १९२३ पासून. काँग्रेसची मोठी अधिवेशनं भरायची, हजारो माणसं यायची, पण त्यांची व्यवस्था बघायला शिस्तीतली माणसं नसायची. डॉ. ना. सु. हर्डीकरांनी त्यासाठी हिंदुस्तानी सेवादल काढलं. कवायत, पाण्याची सोय, आजाऱ्याला उचलणं, गर्दी आवरणं ही स्वयंसेवकाची कामं. १९३२ साली इंग्रज सरकारनं त्यावर बंदी घातली. पुढं ४ जून १९४१ ला पुण्यात राष्ट्र सेवादल नव्यानं उभं राहिलं. एस. एम. जोशी पहिले दलप्रमुख. जात-धर्म न बघता मुलं एकत्र आणायची, खेळवायची आणि खेळता खेळता त्यांच्यातून नागरिक घडवायचे, असा तो बेत होता. दुसऱ्याच वर्षी बेचाळीसची चळवळ आली आणि कालपरवा लंगडी खेळणारी पोरं बुलेटिनं वाटायला लागली. मग साने गुरुजी. पंढरपूरचं विठ्ठलमंदिर हरिजनांना खुलं व्हावं म्हणून १९४७ च्या मे महिन्यात त्यांनी उपोषण केलं. पंढरपूर आम्हाला जवळ, घरातली माणसं वारी करणारी. त्यामुळं ही गोष्ट निघाली की मास्तर आमच्याकडं बघून विचारायचे, "आता सांगा, आज खेळून झाल्यावर कोण कोण एका तांब्यानं पाणी प्यालं?" सगळी हात वर करायची. घरी गेल्यावर काही जणांना त्या तांब्यावरून मार बसायचा, ती गोष्ट वेगळी. मला दोनदा बसला.

शाखेत शिकवायचे ते म्हटलं तर साधंच. शिट्टी वाजली की रांगेत उभं राहायचं. आपल्या गटात किती जण आहेत ते मोजायचं. कोण आलं नाही, का आलं नाही, ते वहीत लिहायचं. नुसतं 'गैरहजर' लिहिलेलं मास्तरांना चालत नसे. "ताप आहे का? खुरपायला गेलीय का? चप्पल नाही म्हणून लाजतंय का? जाऊन विचार आणि मग लिही." मी गटनायक झालो तेव्हा अकरा वर्षांचा होतो, आणि ती वही माझ्याकडं आली. निळ्या पुठ्ठ्याची, शंभर पानी.

त्या वहीचं पहिलं खरं काम निघालं १९७२ च्या दुष्काळात. गावाच्या शिवारात खडी फोडायचं काम निघालं होतं. सगळ्यांच्या आया तिथं. तान्ही लेकरं बाभळीच्या तुटपुंज्या सावलीत, धडप्यावर टाकलेली. एक लेकरू रांगत रांगत खडीच्या ढिगाकडं गेलं आणि वरून दगड घरंगळला. बोटावर निभावलं. दुसऱ्या दिवशी मास्तरांनी शाखाच तिकडं नेली. सकाळची शाळा सुटली की आम्ही कामावर हजर. कोणाचं लेकरू, कुणापाशी दिलं, दूध कधी पाजायचं, सुकडी खाल्ली का, सगळं वहीत. बायकांना आधी हसू आलं. चार दिवसांनी त्याच विचारायला लागल्या, "वहीत लिवलंस का रं माझं?" मिलोची लाल भाकरी खाऊन आम्ही सात-आठ महिने हे केलं. कुणी सत्कार केला नाही, आणि तो करायचा असतो हे आम्हाला ठाऊकही नव्हतं.

मोठं शिक्षण मिळालं ते शिबिरात. १९७७ चा मे महिना. आणीबाणी उठून दोन महिनेही झाले नव्हते. शिबिराला आलेल्या कार्यकर्त्यांतले काही जण नुकतेच तुरुंगातून सुटलेले. दहा दिवसांचं शिबिर. पहाटे पाचला उठायचं, झाडलोट, मग तीन तास श्रमदान. दुपारी बौद्धिक आणि गटचर्चा, संध्याकाळी खेळ, रात्री कलापथकाची गाणी. आपलं ताट आपण घासायचं. चराच्या संडासाची सफाई पाळीनं, त्यात कुणाला सूट नाही. पाटलाच्या पोरानं पहिल्या दिवशी पोट दुखतंय म्हणून सांगितलं. प्रमुख म्हणाले, "असू दे, तुझी पाळी मी करतो." दुसऱ्या दिवशी त्याचं पोट राहिलं. दीडशे माणसांच्या आमटीला डाळ किती, मीठ किती, हे मी तिथं शिकलो. आजही गावातल्या लग्नात आचारी मला विचारतो.

त्या शिबिरात आम्ही एका वस्तीवर शोषखड्डे खणले. सांडपाणी रस्त्यावर येत होतं, आमच्या मते गरज तीच होती. चार दिवस उन्हात घाम गाळून अकरा खड्डे केले. पाचव्या दिवशी एक म्हातारी आली, खड्ड्याकडं बघत उभी राहिली आणि म्हणाली, "लेकरांनो, चांगलं केलंत. पण सांडायला पाणी हाय कुठं? हिरीवर उतरायच्या पायऱ्या ढासळल्यात, गेल्या साली सून पडली माझी." आम्ही एकमेकांच्या तोंडाकडं बघायला लागलो. त्या दिवशी दुपारचं बौद्धिक झालंच नाही. प्रमुखांनी सगळ्यांना विहिरीवर नेलं आणि म्हणाले, "आपण खड्डे खणले, कारण आपल्याला खड्डे खणता येत होते. त्यांना काय पाहिजे ते विचारलं नाही." उरलेले पाच दिवस पायऱ्या दुरुस्त केल्या. मी वहीत मोठ्या अक्षरात लिहून ठेवलं, 'आधी विचारायचं.'

लिहून ठेवलं म्हणजे शिकलो असं नसतं. ते मला सोळा वर्षांनी कळलं.

दहावीनंतर शिक्षण सुटलं आणि मी शेतीला लागलो. मास्तरांची बदली झाली. मी शाखा चालवत राहिलो, पण सुगीत बंद, पेरणीत बंद, असं होत होत १९८५ च्या सुमाराला मैदानात खेळायला पोरंच येईनात. दलाशी संबंध राहिला तो कलापथकाचे कार्यक्रम बघण्यापुरता आणि चार ओळखीच्या माणसांपुरता. निळू फुले, राम नगरकर, दादा कोंडके ही मंडळी सेवादलाच्या मुशीतून आलेली, हे मी लोकांना अभिमानानं सांगायचो. स्वतः मात्र काही करत नव्हतो.

३० सप्टेंबर १९९३. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी, गणपती बोळवून लोक उशिरा झोपलेले. पहाटे चारच्या आसपास आमची भांडी मांडणीवरून पडली. आम्हाला वाटलं मांजर. दुपारपर्यंत बातम्या आल्या, किल्लारी, सास्तूर, लातूर-उस्मानाबादच्या शिवेवरची गावंच्या गावं गेली. आमच्यासारखीच तिकडं माळवदाची घरं. दगडमातीच्या दोन-दोन हात रुंद भिंती आणि डोक्यावर मातीचा थर. उन्हाळ्यात गार म्हणून आपण ज्यांचं कौतुक करतो, तीच घरं झोपलेल्या माणसांवर बसली. आठ हजारांच्या आसपास माणसं गेली.

गाव हललं. मी पुढं झालो, शाखेतला माणूस म्हणून लोकांनीही मलाच पुढं केलं. घरोघर चुली पेटल्या, बायकांनी रात्रभर भाकरी थापल्या. दोन हजारांवर भाकरी, शेंगाची चटणी, आणि जुन्या कपड्यांची सतरा गाठोडी. टेम्पो भरला आणि निघालो. तिकडं रस्ता ट्रकांनी तुंबलेला, वरून पाऊस. पोचायला दीड दिवस लागला. ताज्या भाकरी गरम असतानाच कापडात बांधून, थरावर थर रचलेल्या. गाठोडं सोडलं तर आंबूस वास. खालच्या भाकऱ्यांना तार सुटलेली. रस्त्याच्या कडेला आमच्यासारख्या आणखी कितीतरी गावांच्या भाकरींचे ढीग पडलेले, आणि कपड्यांचे तर चिखलात उकिरडेच. आम्ही सोलापूर जिल्ह्यातली माणसं. कडक भाकरी पंधरा दिवस टिकते हे आमच्या लेकरालाही ठाऊक. पण तेवढासुद्धा विचार केला नव्हता.

तरी मी एका पडक्या घरापुढं बसलेल्या बाईजवळ गेलो. चाळिशीची असेल. गाठोड्यातलं एक बऱ्यापैकी लुगडं तिच्यापुढं धरलं. तिनं ते बघितलं पण नाही. मागं एक म्हैस नुसती हंबरत होती, कास टरटरलेली, आणि दोन बैल चिखलात उभे. ती म्हणाली, "दादा, मला काय बी नको. जनावरांनी तीन दिस तोंडात काडी घेतली न्हाई. कडबा सगळा खाली गाडलाय. वैरण हाय का तुमच्याकडं?"

माझ्या वावरात त्या घटकेला कडब्याची गंज उभी होती. शेतकरी असून मला हे सुचलं नव्हतं. घरात कोण कोण गेलं, हे मी तिला विचारलं नाही. मला धीर झाला नाही. लुगडं हातात तसंच राहिलं. ती शोषखड्ड्यावरची म्हातारी मला त्या वेळी जशीच्या तशी दिसली.

मी म्हशीची धार काढली, दूध तिथल्या लेकरांना दिलं. मग एका पोराकडून पाटकोरी वही मिळवली आणि उभा राहिलो. बरोबरच्या चौघांना चार बाजूंना पाठवलं. घर कोणाचं, जिवंत किती, जनावरं किती, पाहिजे काय. संध्याकाळपर्यंत यादी झाली. वैरण, ताडपत्री, कंदील, रॉकेल, खोरी, टिकाव, दावी, आणि चितेला लाकडं. कपडे एकानंही सांगितले नव्हते. गावी परत आलो, चावडीवर यादी वाचून दाखवली. भाकरी कुजल्या हेही सांगितलं. बायका गप्प झाल्या, एकीनं डोळ्याला पदर लावला. ते सांगायला नको होतं असं काहीजण म्हणाले. मला वाटतं सांगायलाच पाहिजे होतं. पुढच्या तीन आठवड्यांत आम्ही कडब्याच्या चार खेपा केल्या आणि प्रत्येक पेंडी यादीप्रमाणं दारात उतरवली. पहिल्या खेपेला त्या बाईच्या दाराशी गेलो तर बैल होते, म्हैस नव्हती. मी विचारलं नाही, तिनं सांगितलं नाही. पेंड्या उतरवल्या. ती म्हणाली, "वहीत लिवून घ्या, मिळाल्या म्हणून."

त्या भूकंपात आईबाप गेलेल्या लेकरांसाठी सेवादलानं नळदुर्गला 'आपलं घर' उभं केलं. पन्नालाल सुराणा त्यामागं उभे राहिले. भूकंपाच्या बातम्या पेपरातून गेल्या, ट्रक थांबले, पण ते घर थांबलं नाही, कारण लेकरं वाढायला वर्षं लागतात. मी वर्षाला एक पोतं ज्वारी तिकडं पाठवत आलो. फार नाही, पण पहिल्या वर्षी पत्र टाकून विचारलं होतं, ज्वारी पाठवू की दुसरं काही.

२०१९ च्या ऑगस्टमध्ये सांगली-कोल्हापूरला पूर आला. आमच्या गावातल्या तरुण मंडळानं गाडी भरायला घेतली. बिस्किटं, पाण्याच्या बाटल्या, जुने कपडे. मी गेलो आणि म्हणालो, आधी दोघं मोटारसायकलवर जा, विचारून या. पोरं चिडली. "नाना, तिथं माणसं बुडाली आणि तुम्ही याद्या करताय!" बोलाचाली झाली. शेवटी दोघे गेले. रात्री फोन आला, "नाना, बिस्किटांचा इथं खच पडलाय. खराटे, फावडी, फिनेल, बादल्या, पोरांची दप्तरं आणि वह्या मागतायत. घरात गुडघाभर गाळ आहे." गाडी दुसऱ्या मालानं भरली, आणि गाळ काढायला वीस पोरं बरोबर गेली.

देवळामागच्या वावरात आता समाजमंदिर आहे. शाखा नाही. सेवा करायची हौस आजच्या पोरांत आमच्यापेक्षा कमी नाही, उलट गाड्या आणि पैसा जास्त आहे. पण हौस आणि शिक्षण या दोन गोष्टी आहेत. दुसरी मैदानावर, रोज, थोडी थोडी मिळायची. गेल्या दिवाळीपासून मी रविवारी संध्याकाळी समाजमंदिराच्या ओट्यावर बसतो. सध्या नऊ पोरं येतात, त्यात चार पोरी. लंगडी खेळतात. मी एक वही आणून एका पोरीच्या हातात दिलीय. मागच्या रविवारी एक पोरगा आला नाही. तिनं 'गैरहजर' लिहिलं. मी म्हणालो, बाळ, का आला नाही ते जाऊन विचार आणि मग लिही.