पावाचे यीस्ट आणि रेणूची शेपटी

पाव फुगवणारे यीस्ट आपल्या सर्वांच्या परिचयाचे आहे. परंतु याच क्षुद्र जीवाने पेशीच्या अंतरंगातील एक मोठे कोडे सोडविण्यास हात दिला, ही हकीगत तितकीशी परिचित नाही.

पेशीच्या केंद्रकात डीएनए ही वंशपरंपरेची मूळ पोथी असते. ती जागची हलत नाही. तिची नक्कल तेवढी बाहेर जाते. या नकलेस संदेशवाहक आरएनए म्हणतात. मात्र कित्येकदा नकलेतील मधला निरर्थक मजकूर आधी छाटावा लागतो, आणि अखेरीस ‘ए’ या एकाच अक्षराची लांब शेपटी जोडावी लागते. ही कामे करणारे कारागीर कोण, हा प्रश्न होता.

कारागीर ओळखण्याचा एक मार्ग म्हणजे त्याला कामावरून काढून काय अडते ते पाहणे. पण त्याच्यावाचून पेशीच मेली, तर पाहायचे काय? यावर अमेरिकेत लेलँड हार्टवेल यांनी तोड काढली. १९६७ साली त्यांनी यीस्टचे सुमारे ४०० वाण जमविले. २३ अंश उष्णतेला ते सुखाने वाढत. ३६ अंशांना त्यांचे काही ना काही अडे. १९३५ च्या सुमारास कोपनहेगनमध्ये विंगे यांनी दाखविले होते, की यीस्ट जनुकांच्या एकाच संचावरही जगू शकते. त्यामुळे दोष झाकला जात नाही.

१९७० साली हार्टवेल, मॅक्लॉफलिन व वॉर्नर यांनी अशी दहा जनुके दाखविली, की जी बिघडल्यास प्रथिने विणणारे रायबोसोमच तयार होत नाहीत. ती रायबोसोमची जनुके ठरली. हा निष्कर्ष प्रामाणिक होता. पण अपुरा होता. १९७७ साली विषाणूंच्या अभ्यासातून मजकुराच्या छाटणीचा शोध लागला. मग १९८१ मध्ये रॉसबॅश व सहकाऱ्यांनी ते जुने वाण पुन्हा तपासले, तेव्हा त्यांत न छाटलेल्या नकला साचलेल्या आढळल्या. यीस्टच्या बहुतेक जनुकांत असा मजकूर नसतो. रायबोसोमच्या प्रथिनांच्या जनुकांत मात्र तो पुष्कळदा असतो. म्हणून घाव तेथे दिसला होता.

शेपटीची कथाही अशीच. ‘ए’ची माळ गुंफणारा विकर मेरी एडमंड्स व एब्रॅम्स यांना १९६० सालीच सापडला होता, पण ती माळ कशासाठी, हे उमगेना. ती संदेशवाहकाची शेपटी आहे, हे १९७१ मध्ये कळले. १९७३ मध्ये एडमंड्स, मॅक्लॉफलिन व वॉर्नर यांनीच ती यीस्टमध्ये दाखविली. १९९१ मध्ये फ्रान्समधील संशोधकांना यीस्टचे दोन वाण असे मिळाले, की उष्णता वाढताच त्यांच्या शेपट्या आखूड होत. १९९३ मध्ये यीस्टमध्येच दिसून आले, की शेपटी झिजली की संदेशाचे टोपण निघते आणि संदेश नष्ट होतो. पुढे त्या दोन जनुकांच्या प्रथिनांचे जोडीदार माणसाच्या पेशीतही सापडले.

‘याचा उपयोग काय?’ हा प्रश्न १९७० साली कोणी विचारला असता, तर त्या संशोधकांना लगेच उत्तर देता आले नसते. २०२० च्या अखेरीस करोनावरील संदेशवाहक आरएनएच्या लशी आल्या. त्यांतील एकीच्या शेपटीत ३० आणि ७० असे दोन हिश्शांत ‘ए’ आहेत. ती लस यीस्टमधून निघाली, असे आम्ही म्हणत नाही. परंतु शेपटीवाचून संदेश टिकत नाही, हे ज्ञान ज्यांनी उपयोग न पाहता जमविले, त्यांचे ऋण त्या लशीवर आहे. आज निरुपयोगी वाटणाऱ्या जिज्ञासेला आपण नाके मुरडू नयेत, एवढेच आमचे सांगणे.